नाशवंत माल

"ताई, आज डोस आलेला नाही."

काचेच्या खिडकीपलीकडचा मुलगा हे इतक्या साध्या आवाजात बोलला की तो माझ्या मागच्या बाईंशी बोलतोय असंच मला आधी वाटलं. रुग्णालयाचं तळघर होतं. न्यूक्लिअर मेडिसिनचा, म्हणजे किरणोत्सर्गी औषधांचा, विभाग बहुतेक ठिकाणी तळघरातच असतो, भिंती जाड लागतात म्हणून. बाहेर पुण्याचा एप्रिल भाजत होता आणि मी स्वेटर घालून, वर शाल घेऊन बसले होते. चार आठवडे थायरॉइडची गोळी बंद होती. चेहरा सुजलेला, आवाज पुरुषी झालेला, साधी बेरीज करायलाही बोटं मोजावी लागत होती. आणि हे सगळं ज्या दिवसासाठी सोसलं, तो दिवस आलाच नव्हता.

"आलेला नाही म्हणजे?"

"पुढच्या आठवड्यात येईल. आम्ही फोन करू."

भांडायची सगळी तयारी मनात झाली होती. आदल्या रात्रीच कळलं असेल ना तुम्हाला, एक फोन नाही करता येत, माणूस काय अवस्थेत येतं इथे, वगैरे. पण शेजारी माझे वडील, अण्णा, काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांनी विचारलं, "कालचं शिल्लक नाही का तुमच्याकडं?"

"आजोबा, हे शिल्लक राहत नाही. दिवसेंदिवस कमी होत जातं."

"असं होय." अण्णांनी मान डोलावली. "नाशवंत आहे. मग गाडी आली नाही तर तो तरी काय करणार गं."

माझ्या भांडणातली हवाच गेली. एक फोन करायला हवा होता हे माझं मत मात्र आजही कायम आहे.

अण्णांचा जन्म गेला तो नाशवंत मालातच. गुलटेकडीच्या मार्केटयार्डात त्यांचा पालेभाजीचा गाळा होता. कांदा-बटाट्याच्या अडत्यांना ते सुखी माणसं म्हणत. कांदा आज नाही गेला तर उद्या जाईल, वखारीत पडला तरी दम धरतो. कोथिंबिरीला दम नसतो. रात्री टेम्पो लागायचे, खेडकडून, पुरंदरकडून, मंचरकडून. उजाडायच्या आत शेकड्याचे भाव फुटायचे, आणि पहाटे राणीसारखी आलेली जुडी दुपारपर्यंत मान टाकायची. रविवारी आवक दांडगी. उठाव झाला नाही तर उरलेला माल शेवटी उक्ता द्यायचा, मिळेल त्या पैशाला. लहानपणी मी सुट्टीत गाळ्यावर जायची. ओल्या गोणपाटाचा वास आणि अण्णांचं घड्याळाकडे बघणं, एवढं मला पक्कं आठवतं. आमच्या घरात घड्याळाची भीती होती. आई मात्र साठवणीतली. तिचे पापड, कुरडया, सांडगे, बरण्यांतलं लोणचं. वर्षभर पुरेल असं काही घरात असल्याशिवाय तिला झोप लागायची नाही. एकाच घरात एक माणूस तासावर जगणारा आणि एक वर्षावर.

आजाराचं फार सांगत नाही. गळ्यात गाठ, सुई घालून तपासणी, पॅपिलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग. "व्हायचाच तर हाच व्हावा," असं जो तो सांगायचा. हे वाक्य ऐकून कोणाला बरं वाटत असेल? शस्त्रक्रियेत ग्रंथी काढली. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मागे राहू शकतात. त्यांच्यासाठी आयोडीन, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीन-१३१.

त्या उरल्यासुरल्या पेशींना आयोडीनची भूक लागावी म्हणून दोन आठवडे उपासमार करायची असते. आयोडीनयुक्त मीठ बंद, समुद्राचं जाडं मीठही नको, मासे नकोत, अंडी नकोत, बेकरीचं काही नको, आणि दूध नको. इतर सगळं मी मुकाट्याने केलं. दुधाच्या चहाशिवाय सोळा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. डॉक्टरांना विचारून सैंधव आणलं, तेही पाकिटाची मागची बाजू वाचून वाचून. अण्णा म्हणाले, "आईच्या एकादशीच्या डब्यातलं मीठ शेवटी तुझ्या कामाला आलं."

तारीख पुढे गेली आणि ते सोळाचे तेवीस दिवस झाले. त्या आठवड्यात जडावलेल्या डोक्याने मी जमेल तसं वाचत बसले. माझा माल नेमका कुठून येतो आणि का आला नाही, हे मला कळायला हवं होतं. त्या दिवशीचं कारण काही शेवटपर्यंत कळलं नाही. कुठून येतो ते कळलं.

तो येतो ट्रॉम्बेहून. भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुव नावाची अणुभट्टी आहे, ८ ऑगस्ट १९८५ ला चेतवलेली, १०० मेगावॉटची. ती वीज करत नाही. तिच्यातून निघणारे न्यूट्रॉन हेच तिचं पीक. टेल्युरियम डायऑक्साइडची पूड अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत बंद करून भट्टीत सोडतात. टेल्युरियमच्या अणूने एक न्यूट्रॉन गिळला की त्याला तो पचत नाही. त्याचं टेल्युरियम-१३१ होतं, आणि ते २५ मिनिटांत निम्मं या वेगाने आयोडीन-१३१ होत जातं. मग शिशाच्या जाड भिंतीआड, यांत्रिक हातांनी, ती पूड तापवतात. आयोडीन उडतं, टेल्युरियम मागे राहतं. उडालेलं आयोडीन अल्कलीच्या पाण्यात धरून ठेवायचं. सगळी हिकमत एवढीच, आपल्याकडे गुलाबाचा अर्क काढतात तशी. पुढे वाशीला विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळात, म्हणजे ज्याला सगळे ब्रिट म्हणतात तिथे, तो माल तपासून, मोजून, शिशाच्या भांड्यात बंद होऊन गाडीत चढतो. वाशी, पनवेल, खंडाळ्याचा घाट, पुणे.

आणि गाडीत चढल्यापासून नव्हे, भट्टीतून बाहेर आल्यापासूनच त्याचं घड्याळ चालू झालेलं असतं. आठ दिवसांत निम्मा. पुढच्या आठ दिवसांत त्याच्या निम्मा. याला पाठ्यपुस्तकात अर्धायुष्य म्हणतात. अण्णांना हा शब्द अजिबात आवडला नाही. "असलं अभद्र घरात बोलू नये. निम्मं म्हण की सरळ." तेव्हापासून आमच्याकडे निम्मंच चालतं.

हिशेब असा की गुरुवारी माझ्या पोटात १०० मिलिक्युरी (किरणोत्सर्गाचं हे माप) जायचे असतील, तर सोमवारी भांड्यात जवळजवळ १३० भरावे लागतात. वरचे ३० वाटेतच संपणार, हे धरूनच. अण्णा म्हणाले, "म्हणजे तूट धरून पट्टी करायची." बरोबर तेच. पण मग त्यांनी स्वतःच एक खोच काढली, जी मला सुचली नव्हती. कोथिंबिरीला पाणी मारता येतं. ओलं गोणपाट टाकता येतं, बर्फ लावता येतो, गाडी रात्रीची काढता येते. नाशवंत मालाचा व्यापार म्हणजे नासणं लांबवायची कला. "ह्याला पाणी मारता येतं का?" नाही येत. फ्रिजमध्ये ठेवा, उकळा, घाटात अडकू द्या, शिशाच्या भांड्यात कोंडा. त्याला काही फरक पडत नाही. शिसं आपल्याला वाचवतं, त्याला नाही.

वाचताना हेही कळलं की १९४१ मध्ये बोस्टनला सॉल हर्ट्झ या डॉक्टरांनी थायरॉइडच्या रुग्णाला उपचार म्हणून किरणोत्सर्गी आयोडीन पहिल्यांदा दिलं, तेव्हा ते सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनवलेलं, जेमतेम होतं. महायुद्धानंतर भट्ट्या मोकळ्या झाल्या आणि १९४६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ओक रिजच्या भट्टीतून समस्थानिकांची पहिली डबी बाहेर गेली, ती सेंट लुईसच्या एका कर्करोग रुग्णालयाकडे. बाँबला बरोबर एक वर्ष होत होतं. आपल्याकडेही बाँबची आणि औषधाची चूल एकच. ट्रॉम्बेचीच १९६० ची सायरस भट्टी कॅनडाच्या मदतीने झाली. तिने पन्नास वर्षांत, २०१० च्या शेवटच्या दिवसापर्यंत, दवाखान्यांसाठी समस्थानिकं दिली, आणि १९७४ च्या पोखरणचं प्लुटोनियमही तिच्यातलंच. माझ्यासारख्या, शाळेत हिरोशिमावर निबंध लिहून बक्षीस मिळवलेल्या बाईला हे गिळायला आयोडीनपेक्षा अवघड गेलं. अजून ते मला नीट पचलेलं नाही, आणि पचलं असं खोटं लिहिणार नाही.

माझ्या दोन्ही तारखांना तळघरात एक काका भेटले. पहिल्या वेळी हाडांच्या स्कॅनसाठी आले होते. त्यांना टोचतात ते टेक्नेशियम. त्याचं निम्मं सहा तासांत. सकाळी सहाला भरलेलं दुपारी बाराला निम्मं, संध्याकाळी सहाला पाव. ही तर खरीखुरी कोथिंबीर. मग ती ट्रॉम्बेहून पुण्यात आणायची कशी? तर ती आणतच नाहीत. तिची आई आणतात. मॉलिब्डेनम-९९ हे भट्टीत तयार होतं, त्याचं निम्मं ६६ तासांनी, आणि ते नासताना त्यातून टेक्नेशियम जन्मतं. मॉलिब्डेनम एका छोट्या नळीत अ‍ॅल्युमिनावर धरून ठेवलेलं असतं. सकाळी वरून सलाइन सोडायचं, खाली टेक्नेशियम तेवढं पाण्याबरोबर उतरतं, आई वर बसून राहते. दुसऱ्या दिवसापर्यंत पुन्हा भरते. जगभर याला गाय म्हणतात आणि या कामाला धार काढणं. हे वाचून मी अण्णांना हाक मारली, कारण आमच्या नात्यात निम्मे गवळी आहेत. त्यांनी लगेच विचारलं, "भाकड कधी होते?" दोनेक आठवड्यांत. मग नवी गाय आणायची.

पण या गायींचा गोठा जगात किती लहान आहे! मॉलिब्डेनम करणाऱ्या मोठ्या भट्ट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातल्या बहुतेक पन्नास-साठच्या दशकात बांधलेल्या. कॅनडात चॉक रिव्हरला एनआरयू नावाची भट्टी होती, १९५७ ची. मे २००९ मध्ये तिला गळती लागली आणि ती वर्षाहून जास्त काळ बंद पडली. त्यातच २०१० मध्ये नेदरलँड्समधली पेटनची भट्टीही दुरुस्तीला काढावी लागली. जगाचा निम्म्याहून अधिक माल या दोघींचा. देशोदेशींच्या रुग्णालयांत स्कॅनच्या तारखा पुढे गेल्या, तळघरांतल्या खिडक्यांमधून तेच वाक्य ऐकू आलं असणार. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सगळ्या जगाचा माल पाच गाळ्यांवर? आणि गाळे इतके जुने? असा बाजार आम्ही एक दिवस चालू दिला नसता." एनआरयू २०१८ मध्ये कायमची विझली.

दुसऱ्या तारखेला डोस आला.

खोलीत टेबलावर शिशाचं भांडं होतं, साधारण दुधाच्या मापाएवढं, पण तो मुलगा ते दोन्ही हातांनी, पाठ वाकवून ठेवताना मी पाहिलं होतं. वर पिवळ्या रंगावर तीन पाकळ्यांचं चिन्ह. त्याने लांब चिमट्याने झाकण काढलं. आत काचेची बाटली, बोटभर उंच, तिच्यात तळाला चमचाभर पाणी. रंग नाही, वास नाही. त्यात स्ट्रॉ. "एका दमात ओढा. मग मी पाणी घालतो, ते पण प्या. दोनदा." मी ओढलं. चव? काहीच नाही. मनात उगीच वाटलं, एवढ्यासाठी? त्याने लांबूनच पाणी घातलं, मी दोनदा बाटली विसळून प्यायले, आणि तो "झालं, ताई" म्हणून दारापर्यंत जवळजवळ पळत गेला. दिवसभरात असे किती डोस देत असेल तो. त्याला प्रत्येक सेकंद मोजायलाच हवा. तरी आपल्यापासून कोणी असं पळालं की मनाला लागतं.

मग तीन दिवस मी एकटी. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, दाराच्या मुठीला प्लास्टिक, जेवण दाराबाहेरच्या स्टुलावर. भरपूर पाणी प्यायचं आणि प्रत्येक वेळी दोनदा फ्लश. ते पाणी थेट गटारात जात नाही. त्याची वेगळी टाकी असते. भरली की बंद करून महिनोन् महिने तशीच ठेवतात, जोर ओसरेपर्यंत. हे ऐकून मला आईच्या बरण्या आठवल्या. औषध साठवता येत नाही, सांडपाणी मात्र लोणच्यासारखं मुरवत ठेवायचं. दुसऱ्या दिवसापासून लिंबाच्या गोळ्या चघळायच्या होत्या, लाळग्रंथीत आयोडीन साचू नये म्हणून. मी घरून आवळकाठीही नेली होती. आवळकाठी चघळत, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे बघत मी बसायची.

रोज सकाळी एक बाई मीटर घेऊन येत. जमिनीवर लाल पट्टी चिकटवलेली होती. एका मीटरवर त्या उभ्या राहत, मी पट्टीच्या अलीकडे. "हात बाजूला. श्वास घ्या." मीटर करकरायचा. पहिल्या दिवशी आकडा दीडशेच्या पुढे होता, म्हणजे माझ्यातून बाहेर पडणारा किरणोत्सर्ग, तासाला इतके मायक्रोसीव्हर्ट. पन्नासच्या खाली आल्याशिवाय घरी सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी सत्तर. तिसऱ्या दिवशी पंचवीसच्याही आत. मी म्हटलं, निम्मं तर आठ दिवसांनी होतं ना? त्या हसल्या. "ते बाटलीतलं. तुम्ही पाणी किती प्यायलात!" जे पेशींनी धरलं ते राहिलं, बाकीचं त्या टाकीत गेलं.

बाहेर पडताना ते काका पुन्हा दिसले. त्यांना आता ल्युटेशियम मिळणार होतं, असंच एक किरणोत्सर्गी औषध, प्रोस्टेटसाठी. तेही ध्रुवमध्येच तयार होतं. "तुमचं किती दिवसांचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आठ. "माझं साडेसहा," ते म्हणाले, शेतीचा उतारा सांगावा तसे.

घरी भावाची लहान मुलगी असते, म्हणून आठवडाभर मी अण्णांकडे बिबवेवाडीला राहायला गेले. खालच्या मजल्यावरच्या सुनेला सातवा महिना होता, तर मी जिन्यात तिची चाहूल लागली की वरच थांबायची. अण्णांना म्हटलं, तुम्हीही लांब बसा. "माझी काय आता वाढ खुंटणार आहे?" बाल्कनीच्या दोन टोकांना दोन खुर्च्या. मधे त्यांनीच भाजीची मोकळी पाटी ठेवली, हद्द म्हणून.

रोज सकाळी ते विचारत, "आज काय भाव?" आणि मी हिशेब सांगे. ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवत, गाळ्यावर लिहीत तसंच बारीक, डावीकडे कललेलं. चौथ्या की पाचव्या दिवशी लिहिता लिहिता थांबले.

"एक सांग. वाटेत नासतं ते वाया गेलं. मग तुझ्या पोटात नासतं ते?"

"तेच तर औषध, अण्णा. अणू नासतो तेव्हाच त्यातून किरण निघतो. मिलिमीटर-दोन मिलिमीटर जातो आणि शेजारच्या पेशीला मारतो. जो नासला नाही, त्याने अजून काहीच केलेलं नाही."

"म्हणजे आपण पैसे दिले ते नासण्याचे."

"हो."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. चाळीस वर्षं ज्या माणसाने नासलेल्या जुड्या स्वतःच्या हाताने गाळ्याबाहेर टाकल्या, संध्याकाळी हात धुताना आईला तोटा सांगितला, त्याला हे पटवून घ्यायला थोडा वेळ लागणारच. "आणि नासून मागं काय राहतं?"

"झेनॉन. वायू आहे. निरुपद्रवी. श्वासातून निघून जातो."

"सडका वास वगैरे?"

"काही नाही."

"चांगला माल आहे," ते म्हणाले. मार्केटयार्डात त्यांच्या तोंडून हे शब्द मी फार थोड्या वेळा ऐकले असतील.

आठवड्याने मी घरी परतले, पण अण्णांनी हिशेब सोडला नाही. फोनवर विचारायचे. मी सांगायची की शरीरातलं कधीच गेलं असेल, हा नुसता कागदावरचा आकडा आहे, बाटलीत ठेवलं असतं तर किती उरलं असतं त्याचा. "कागदावर तरी मिटू दे." जूनमध्ये पाऊस सुरू झाला, गोळी पुन्हा चालू झाली, चेहऱ्याची सूज उतरली, आवाज माझा झाला. स्कॅन आला, गळ्याशी एक लहान काळा ठिपका, इतरत्र काही नाही, डॉक्टर समाधानी. सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

ऐंशीव्या दिवशी मी त्यांच्याकडेच होते. दहा वेळा निम्मं झालं होतं. १०० चे, साधारण ०.१.

"शून्य कधी?"

"शून्य होत नाही, अण्णा. निम्म्याचं निम्मं होत राहतं."

"मग खातं कसं बंद करायचं?" कॅलेंडरची पानं मागे उलटून एप्रिलपासूनचे आकडे त्यांनी एकदा वरून खाली पाहिले. पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, शेवटच्या आकड्यापुढे लिहिलं, 'बाकी उक्ती', आणि खाली दुहेरी रेघ मारली. मग म्हणाले, "दूध आलंय का बघ. चहा टाक."